नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग आणि परिचारिकांचे विशेष शिक्षण

‘बाळाला काचेत ठेवले आहे’ हे वाक्य कन्नमवार नगर, टागोर नगर किंवा पार्कसाईटमधील अनेक कुटुंबांनी कधी ना कधी ऐकलेले असते. दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती झाली, वजन फार कमी भरले किंवा बाळ जन्मतः रडले नाही, की नातेवाईकांची राजावाडी, शीव अशी धावपळ सुरू होते. दाराबाहेर बसलेली माणसे डॉक्टरांच्या येण्याकडे डोळे लावून असतात. परंतु आत चोवीस तास बाळाशेजारी असते ती परिचारिका. तिला या कामासाठी वेगळे शिक्षण का लागते, ते कसे मिळते आणि आपल्या मुलींना त्यात कोणती संधी आहे, याची माहिती देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रश्न किती मोठा?

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली आपल्या देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ बालके वर्षाच्या आत दगावली. त्यांतील २० बालके पहिल्या २८ दिवसांतच गेली. म्हणजे सर्वात मोठा धोका पहिल्या महिन्यात असतो.

शिकविलेल्या हातांनी हा धोका किती कमी होतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. गावातील स्त्रिया शिक्षणाने एवढे करू शकतात, तर रुग्णालयातील परिचारिका विशेष शिक्षण घेऊन किती करू शकेल, याचा विचार व्हावा.

हे काम वेगळे का?

१) मोजमाप – एक किलो वजनाच्या बाळाला पहिल्या दिवशी शिरेतून साधारण ८० मिलिलिटर द्रव दिले जाते. म्हणजे चोवीस तासांत मिळून एक कटिंग चहाएवढे, ताशी जेमतेम ३ मिलिलिटर. औषधाच्या मात्रेत दशांशचिन्ह एक घर सरकले, तर मात्रा दहापट होते. अशा बाळाच्या अंगात रक्तही ८०-९० मिलिलिटरच असते. तपासणीसाठी काढलेल्या एकेका मिलिलिटरची नोंद ठेवावी लागते.

२) प्राणवायू – प्राणवायू कमी पडला तर जीव धोक्यात येतो आणि जास्त झाला तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाला इजा होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते. म्हणून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखण्याकडे लक्ष द्यावे लागते. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे डोळे पहिल्या महिन्यात तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागतात. याची आठवण पालकांना करून देण्याचे काम बहुधा परिचारिकाच करते.

३) नजर – मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप भरतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे अंग उलट गार पडू शकते. दूध न पचणे, हालचाल मंदावणे, रंग बदलणे, मध्येच श्वास थांबणे, एवढ्याच खुणा ते देते. यंत्राची घंटी वाजण्याआधी ही खूण ओळखणारी नजर पुस्तक वाचून येत नाही. अनुभवी शिक्षिकेच्या देखरेखीखाली, बाळाशेजारी उभे राहूनच ती तयार होते.

४) आई आणि आईचे दूध – शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. ज्या बाळाला स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्याला इतर मातांनी दिलेले दूध निर्जंतुक करून देण्याची ही सोय होय. तसेच बाळाला आईच्या उघड्या छातीशी बिलगवून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मानंतर लगेच ही पद्धत वापरल्यास कमी वजनाच्या बालकांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे आढळले. घाबरलेल्या आईला धीर देऊन हे सारे शिकविणे हा परिचारिकेच्या विद्येचाच भाग आहे.

शिक्षणाची वाट

तीन वर्षांच्या जी.एन.एम. किंवा चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सर्वच विभागांची ओळख होते, पण नवजात अतिदक्षतेच्या वाट्याला थोडा काळ येतो. पुढील मार्ग असे आहेत.

अ) नवजात परिचर्येची पोस्ट बेसिक पदविका. भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. परिचर्या परिषदेकडे नोंदणी आणि सुमारे वर्षभराचा कामाचा अनुभव असावा लागतो. यासाठी पदवी लागतेच असे नाही. जी.एन.एम. झालेली भगिनीही तो करू शकते, हे अनेकींना ठाऊक नसते.

आ) एम.एस्सी. नर्सिंग, बालआरोग्य परिचर्या विषय घेऊन. मुदत दोन वर्षे. यासाठी बी.एस्सी. हवी. जी.एन.एम. झालेल्यांना आधी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. अध्यापनाची आवड असलेल्यांना ही वाट उपयुक्त आहे.

इ) नोकरीतील प्रशिक्षण. सरकारी नवजात कक्षांतील परिचारिकांसाठी चार दिवसांचा वर्ग आणि दोन आठवडे मोठ्या रुग्णालयात प्रत्यक्ष निरीक्षण, अशी योजना आहे. सुरुवात म्हणून ती चांगली, परंतु वर्षभराच्या शिक्षणाची जागा ती घेऊ शकत नाही.

प्रवेशापूर्वी त्या संस्थेस त्याच अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे परिषदेकडून पाहून घ्यावे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थिनींनी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची चौकशी करावी. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा, कारण अर्जाची मुदत कागदपत्रांसाठी थांबत नाही.

शिक्षणानंतर काय?

शिकलेल्या परिचारिकेची कदर झाली नाही, तर शिक्षण वाया जाते. नवजात विभागात तयार झालेल्या सिस्टरची दुसऱ्या वॉर्डात बदली केली, तर तिचा अनुभव तेथे निरुपयोगी ठरतो आणि बाळांशेजारी नवखी व्यक्ती उभी राहते. माणसांची संख्याही तितकीच महत्त्वाची आहे. कृत्रिम श्वासावरील प्रत्येक बाळामागे एक परिचारिका असावी, असा दंडक आहे.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बालके मृत्युमुखी पडली व ७ बालकांना वाचविण्यात आले. वीज, उष्णता देणारी यंत्रे आणि प्राणवायू जेथे एकत्र येतात, तेथे आगीच्या वेळी काय करावे हे शिक्षणात हवेच. परंतु सुरक्षित इमारत आणि पुरेसे मनुष्यबळ देण्याची जबाबदारी प्रशासनाची आहे. तिचा भार एकट्या परिचारिकेवर टाकता येणार नाही.

शेवटी पालकांना व सासरच्या मंडळींना एक विनंती. मुलगी परिचारिका झाली, पगार सुरू झाला, की ‘आता पुढे शिकून काय करायचे?’ असे म्हटले जाते. वर्षभराचा पगार बुडेल, रात्रपाळ्या असतील, लहान मूल कोण सांभाळील, या अडचणी खऱ्या आहेत. परंतु ते एक वर्ष घरातील माणसांनी वाटून घेतले, तर तिच्या हातून पुढील वीस-पंचवीस वर्षे किती बाळे सुखरूप घरी जातील! कल्याणकारी संस्थांनीही दहावी-बारावीच्या गुणगौरवाबरोबर नोकरीतील परिचारिकांच्या उच्च शिक्षणासाठी फीपुरते बिनव्याजी कर्ज आणि अर्ज भरण्यास मदत, एवढे काम हाती घ्यावे. काचेतले बाळ ज्या घरी परत येईल, ते घर आपल्याच चाळीतले असेल.