वीज आलीच नाही तर?

बालमित्रांनो, वीज गेली की आपण काय करतो? शेजारची गेलीय का ते खिडकीतून बघतो आणि वाट पाहत बसतो. पण ती चार-चार दिवस आलीच नाही तर?

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब कोसळले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. दिवे तर गेलेच, पण पंप बंद म्हणून नळ कोरडे आणि फोनही मुके!

म्हणून तयारी पावसाळ्याआधीच हवी. एका पिशवीत बॅटरी, जादा सेल, काडेपेटी, मेणबत्त्या, छोटा रेडिओ, मलमपट्टीचं सामान आणि आजी-आजोबांची आठवड्याची औषधं ठेवा. घरात कुणी इन्शुलिन घेत असेल तर फ्रिज बंद पडल्यावर ते कसं ठेवायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारा. महत्त्वाचे फोननंबर वहीत लिहा. वादळाची सूचना मिळताच पिंप, कळशा भरून घ्या. पिण्यासाठी माणशी रोजचे ३ लिटर तरी धरा.

तुटलेल्या तारेजवळ मुळीच जाऊ नका. गावात अंधार असला तरी तारेत वीज असू शकते! मोठ्यांना सांगून १९१२ वर कळवा. जनरेटर घरात चालवू देऊ नका. त्याच्या धुरातला विषारी वायू जीव घेतो.

आता एक गंमत. या रविवारी तिन्हीसांजेनंतर आई-बाबांना मेन स्विच तासभर बंद करायला सांगा. अंधारात बॅटरी कोणाला पटकन सापडते, बघा बरं!