दुष्काळी मुलखातला जॅझ

दुष्काळ आणि ऊसतोडीच्या बीड जिल्ह्यात राहून जॅझ ऐकायचा, हे चोचलेच, असे मला ऐकवले जाते. पण जॅझ आपल्याला परका कधी होता? ‘अलबेला’ची (१९५१) गाणी आठवा. संगीतकार सी. रामचंद्र शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. त्यांच्या साथीला गोव्याचे चिक चॉकलेट, मुंबईतले नामवंत जॅझ ट्रम्पेटवादक. जॅझ हे नाव कानावर येण्याआधीच त्या गाण्यांवर माझा पाय ठेका धरीत असे! धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरातली शिल्पे पाहतानाही माझे तसेच होते. चालुक्यकालीन शैली समजण्याआधी डोळे सुखावतात. अभ्यासाने हा आनंद वाढतो, पण त्यासाठी आधी पदवी लागत नाही. आणि पाऊस पडेपर्यंत तो लांबणीवर टाकावा, हे तर मला मुळीच पटत नाही.