अनेक कॅमेऱ्यांचें थेट प्रक्षेपण : संगणक कसा निवडावा?

रेवस बंदर धरमतर खाडीच्या मुखाशीं वसलेलें आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच येथें लागते, आणि पोटापाण्यासाठीं मुंबईस राहिलेल्या या भागांतील कित्येक कुटुंबांचा गांवाशीं असलेला संबंध या लाँचनेंच टिकविला आहे. परंतु रात्रीं दिव्यांच्या उजेडांत रंगणाऱ्या कबड्डीच्या सामन्यासाठीं समुद्र ओलांडून येणें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं कामावर हजर होणें प्रत्येकास जमत नाहीं. घराबाहेर न पडूं शकणाऱ्या वृद्धांस तर गांवांतल्या गांवांतही मैदान दूरच असतें. अशा माणसांपर्यंत सामना नेण्याचें साधन म्हणजे थेट प्रक्षेपण.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें आणि दूरदर्शनचें मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. त्या काळीं मैदानावरून चित्र पाठविणें हें मोठ्या संस्थेचेंच काम होतें. आज तें एखादें क्रीडा मंडळही करूं शकतें, आणि रायगड जिल्ह्यांत कबड्डीचे व टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने यूट्यूबवर दाखविण्याची रीत चांगलीच रुळली आहे. मात्र मंडळाचा पैसा वर्गणीचा असतो. कबड्डीची चढाई अवघी ३० सेकंदांची. त्या क्षणीं चित्र अडलें तर पाहणाऱ्याच्या दृष्टीनें ती चढाई झालीच नाहीं. म्हणून संगणक कोणता घ्यावा हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना बहुतेक लोक दुकानांतील सर्वांत महाग प्रोसेसरकडे पाहतात. तेथेंच चूक होते. लाँचमध्यें उतारू कितीही मावोत. धक्क्यावर उतरण्याची फळी एकच असेल, तर उतरण्याचा वेग त्या फळीवरून ठरतो, लाँचच्या आकारावरून नव्हे. संगणकाचेंही तसेंच आहे. त्यांतील अरुंद फळी कोणती तें आधीं ओळखावें आणि पैसा तेथें खर्च करावा.

त्यासाठीं संगणकास कोणतीं कामें करावीं लागतात तें पाहूं जातां तीं मुख्यतः चार दिसतात : प्रत्येक कॅमेऱ्याचें चित्र आंत घेणें, त्यांतून एक निवडून त्यावर गुणफलक वगैरे चढविणें, तयार झालेलें चित्र दाबून लहान करणें, आणि तें इंटरनेटवर पाठवून त्याच वेळीं त्याची प्रत साठविणें.

पहिलें काम सर्वांत जड आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पुरुषांच्या कबड्डीचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. त्यासाठीं तीन कॅमेरे पुरतात : एक मध्यरेषेच्या बाजूस उंचावर, आणि दोन्ही टोकांस एकेक. बोनस रेषा ओलांडतांना चढाई करणाऱ्याचा मागचा पाय हवेंत होता कीं नाहीं, तें टोकाच्या कॅमेऱ्यासच दिसतें. हालचाल चपळ असल्यामुळें सेकंदास ५० चित्रें असणें बरें. आपल्या देशांतील वीजही ५० आवर्तनांची आहे. त्यामुळें ५० किंवा २५ चित्रांचें माप ठेवल्यास दिव्यांची लुकलुक चित्रांत उमटण्याचा संभव कमी होतो.

आतां हिशेब करावा. एका चित्रांत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्यास १६ बिट धरले, तर सेकंदास ५० चित्रांचे सुमारे १६६ कोटी बिट होतात. तीन कॅमेऱ्यांचे मिळून जवळजवळ ५०० कोटी. यूएसबी ३.० या मार्गाची नांवापुरती शक्ति ५०० कोटी बिटांचीच. त्यांतील प्रत्यक्ष उपयोगी पडणारी ४०० कोटींहूनही कमी. म्हणजे तीन कॅमेरे एका मार्गावर मावत नाहींत. संगणकास यूएसबीचीं चार तोंडें दिसलीं तरी आंत तीं पुष्कळदां एकाच नियंत्रकास जोडलेलीं असतात. तोंडें चार, फळी एक! जुन्या यूएसबी २.० ची शक्ति तर ४८ कोटी बिटांची. त्यावर चालणारें स्वस्त कॅप्चर यंत्र चित्र आधींच दाबून पाठवितें, आणि तें उलगडण्याचा भार पुन्हां संगणकावर पडतो.

यास उपाय दोन आहेत. पहिला, मेजावरच्या संगणकांत मुख्य फलकावर बसणारें तीन-चार तोंडांचें पीसीआय एक्स्प्रेस कॅप्चर कार्ड. तें घेण्यापूर्वीं फलकावरील खांच नीट तपासावी. दिसण्यांत लांब असलेली दुसरी खांच आंतून पुष्कळदां अपुऱ्या वाटांनींच जोडलेली असते.

दुसरा उपाय म्हणजे निवडीचें काम संगणकाबाहेरच उरकणें. एटेम मिनी हा २०१९ सालीं आलेला स्विचर याचें परिचित उदाहरण होय. त्यास एचडीएमआयचीं चार तोंडें आहेत. कॅमेऱ्यांची निवड त्याच पेटींत होते आणि संगणकाकडे एकच तयार चित्र जातें. मग साधारण प्रतीचा लॅपटॉपही पुरतो. मात्र प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी प्रत ठेवावयाची असेल, किंवा चढाई पुन्हां सावकाश दाखवावयाची असेल, तर पहिला मार्गच अधिक सोयीचा. गांवच्या मंडळानें दुसऱ्यापासून आरंभ करणें शहाणपणाचें.

चित्र दाबण्याचें काम प्रोसेसरवर सोंपविल्यास तो लवकर थकतो. परंतु त्यासाठीं स्वतंत्र यंत्रणा आतां सर्वत्र मिळते. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांत २०११ पासून क्विक सिंक, व एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत २०१२ पासून एनव्हेंक या नांवानें ती बसविलेली असते. ओबीएस हा विनामूल्य प्रोग्रॅम तिचा उपयोग करूं शकतो. म्हणून मध्यम प्रोसेसर व साधें ग्राफिक्स कार्ड ही जोडी पुरेशी होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाअखेर ‘एफ’ हें अक्षर असतें त्यांत ही सोय नसते, एवढें लक्षांत ठेवावें. स्मृति १६ गिगाबाइट असावी आणि ती एका पट्टीऐवजीं दोन पट्ट्यांत घ्यावी. त्यामुळें चित्रांची ने-आण जलद होते. साठवणीस एसएसडी असावी. सेकंदास १२ मेगाबिटांच्या वेगानें चार तासांची प्रत सुमारे २२ गिगाबाइट होते.

इंटरनेट ही शेवटची फळी. १०८० ओळी व सेकंदास ५०-६० चित्रें यांस सुमारे १२ मेगाबिट लागतात, तर ७२० ओळींस सुमारे ६ पुरतात. चित्र वर पाठविण्याचा प्रत्यक्ष वेग याच्या दुप्पट भरला तरच निश्चिंत राहावें. नाहीं तर ओळी कमी कराव्या. अडखळणाऱ्या मोठ्या चित्रापेक्षां सुरळीत लहान चित्र केव्हांही बरें.

समुद्रकांठच्या गांवीं आणखी कांहीं गोष्टी पाहाव्या लागतात. खारी दमट हवा जोडण्यांच्या धातूस खाते. काम संपतांच तारा पुसून बंद डब्यांत ठेवाव्या. एचडीएमआयची साधी तार दहा-पंधरा मीटरांपलीकडे भरंवशाची राहत नाहीं. दूरच्या कॅमेऱ्यास एसडीआय तार घ्यावी. वीज गेल्यास लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, मेजावरचा संगणक धरीत नाहीं. त्यास यूपीएस हवाच. आणि त्याच यूपीएसवर स्विचर व राउटर हीं लहान यंत्रेंही जोडावीं. संगणक चालूं राहिला आणि राउटर विझला, तर घरीं बसलेल्या प्रेक्षकास दोहोंतील भेद कळत नाहीं.

खरेदी पक्की करण्यापूर्वीं सर्व सामान उसनें किंवा भाड्यानें आणून, तीन कॅमेरे लावून, दोन तास अखंड चालवून पाहावें. ओबीएसच्या आंकड्यांच्या चौकटींत गळालेलीं चित्रें तीन सदरांत वेगळीं मोजलेलीं असतात : चित्र रचतांना मागें पडलेलीं, दाबतांना सुटलेलीं आणि इंटरनेटवर हरवलेलीं. पहिलें सदर वाढलें तर ग्राफिक्स कार्ड उणें आहे. दुसरें वाढलें तर दाबणारी यंत्रणा. तिसरें वाढलें तर संगणक बदलून कांहींच लाभ नाहीं, जोडणीच सुधारावी लागेल. हे तीन आंकडे हातीं असलेल्या मंडळास दुकानदाराच्या स्तुतीची गरज उरत नाहीं. वर्गणीचा रुपया जेथें फळी अरुंद आहे तेथेंच पडतो, आणि मुंबईंतील चाळींत बसलेल्या रेवसकराच्या डोळ्यांसमोर ती ३० सेकंदांची चढाई अखंड पार पडते.