सातबाऱ्यावर आत्याचं नाव कुठंय?

तुमच्या घरचा सातबारा तुम्ही शेवटचा कधी नीट वाचलात? स्कॉलरशिपच्या फॉर्मला झेरॉक्स जोडली, ते वाचणं नव्हे. नावं वाचलीत का, एकेक?

मीही नव्हती वाचली. दिवाळीत सांगोल्याकडच्या आमच्या गावी गेले, तेव्हा पप्पांनी पीक विम्यासाठी सातबारा काढायला सांगितला. मोबाइलवरच काढला. डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत. आजोबांच्या जागी दोन नावं : पप्पा आणि काका. आत्या दोन, त्यांचं नावच नाही!

विचारलं तर पप्पा म्हणाले, ''त्यांनी हक्कसोड दिलंय की.''

धाकट्या आत्याला फोन लावला. तिचे मिस्टर गेले, आता ती दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाते. म्हणाली, ''भाऊबीजेला आल्ते. दादा म्हणला सही कर, केली. वाचलं न्हाई. नाहीतर माहेरची वाट बंद झाली असती की.''

सांगा, ही गोष्ट फक्त आमच्याच घरातली आहे का?

कायदा काय म्हणतो?

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या वाट्यात मुलगा, मुलगी, पत्नी, आई सगळे सारखे वारस. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीतही मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. लग्न झालंय की नाही, याचा इथं संबंध नाही. (मुस्लिम आणि आदिवासी कुटुंबांना वारशाचे वेगळे नियम लागतात.)

मग नावं जातात कुठं? दोन ठिकाणी. एक, वारसनोंदीच्या अर्जात मुलींची नावंच लिहीत नाहीत. दोन, हक्कसोडपत्र.

पहिल्यावर उपाय सोपा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही, ती महसुली नोंद आहे. फेरफाराची नोटीस निघाल्यावर पंधरा दिवसांत हरकत घेता येते. नंतरही अपील आणि दिवाणी दावा असतोच.

दुसरं मात्र अवघड. हक्कसोडपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलं, की 'आता परत द्या' म्हणून रद्द होत नाही. फसवून किंवा दबाव टाकून सही घेतली असेल तर कोर्टात जावं लागतं. फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांत. म्हणून सहीच्या आधीचा एक दिवस महत्त्वाचा.

नाव म्हणजे वाटणी नव्हे

भावांची बाजूही ऐका. नावं वाढली की पीककर्जाला, विक्रीला सगळ्यांच्या सह्या लागतात. एक बहीण मुंबईला, एक पुण्याला. कटकट होते, खरंय. पण सातबाऱ्यावर नाव ठेवणं आणि जमीन तोडून मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहिणीचं नाव राहू द्या, कसणारा भाऊ कसू दे. उद्या तिच्यावर वेळ आली तर तिच्या पाठीशी काहीतरी असेल.

वकिलाला पैसे कुठून आणायचे?

इथंच सगळे अडतात. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्न असलेल्यांनाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टात जा, तालुका विधी सेवा समिती कुठं बसते ते विचारा, साधा अर्ज द्या. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे. भांडण नको असेल तर प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथं कोर्ट फी नाही आणि झालेल्या तडजोडीवर अपीलही नाही. म्हणून तिथंही वाचूनच सही करा.

सुट्टीत एवढं करा

- सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. कुणाचं नाव कधी कमी झालं, ते फेरफारात दिसतं.
- आई, आत्या, मावशीला विचारा : कुठं सही केलीस? कशावर?
- घरात कुणी 'नुसती सही कर' म्हणालं, तर कागद आधी घरी मागा.

आणि मुलांनो, 'आपल्याला काय त्याचं' म्हणू नका. तुमच्या नावावर येणारी जमीन कुणाच्या सहीनं आली, हे तुम्हाला माहीत असायला हवं. मुलींनो, उद्या तो कागद आपल्यापुढंही येणार आहे. माझाही भाऊ आहे, आणि तो माझा लाडका आहे.

त्या रात्री जेवताना पप्पा काहीच बोलले नाहीत. मी पुण्याला निघाले, तेव्हा एसटी स्टँडवर बॅग हातात देत त्यांनी विचारलं, ''बहिणीला बक्षीसपत्र करून द्यायचं तर काय काय कागद लागतात गं?''

मी सगळी यादी व्हॉट्सॲपवर पाठवली आहे. दोन निळ्या टिका दिसल्या आहेत. उत्तराची वाट बघतेय.