पोटातील जीव आणि एक्स-रेची भीती

अकोट परिसरात दुचाकी हे घरोघरचे वाहन आहे. दुकानातून घरी, घरून मंदिरात, लग्नसराईत अकोल्याच्या बाजारात, सणावारी माहेरी. मागे बसलेली स्त्री गर्भवती असली तरी हे जाणेयेणे थांबत नाही. पदर किंवा ओढणी चाकात अडकते, गतिरोधकावर तोल जातो, हंगामात कापसाच्या गाड्यांमधून वाट काढताना धक्का बसतो. मग दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सांगतात आणि त्याच क्षणी सोबतची मंडळी एकमुखाने म्हणतात, ‘एक्स-रे नको, पोटात बाळ आहे.’

या नकारामागे माया आहे, आणि जैन घरांत तर अहिंसेचा संस्कारही आहे. ज्या घरात सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी पाणी गाळून पितात, त्या घराला गर्भातील जीवावर अदृश्य किरण सोडणे सहजासहजी मानवणार नाही. म्हणूनच या नकाराचा हिशेब नीट मांडून पाहणे आवश्यक आहे. व्यापारी माणूस खर्चाचा एकच रकाना पाहून व्यवहार मोडत नाही; व्यवहार मोडल्यास काय गमवावे लागेल, हेही तो पाहतो. एक्स-रे नाकारणारे नातेवाईक मात्र बहुधा एकाच बाजूची वही उघडतात.

दुसऱ्या बाजूला काय असते? गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातील रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. निसर्गाने ही तरतूद प्रसूतीच्या वेळच्या रक्तस्रावासाठी केलेली आहे. पण अपघातात तीच फसवी ठरते. आत रक्तस्राव होत असताना एक लिटरहून अधिक रक्त जाईपर्यंत तिची नाडी व रक्तदाब बरे दिसू शकतात. या काळात शरीर आईचे हृदय व मेंदू सांभाळते आणि गर्भाशयाकडे जाणारे रक्त आधी कमी करते. वरून ‘ठीक आहे, बोलते आहे, पाणी मागते आहे’ असे वाटणाऱ्या स्त्रीच्या पोटातील बाळ त्याच वेळी गुदमरत असू शकते. फाटलेली प्लीहा, मोडलेले ओटीपोटाचे हाड किंवा डोक्यातील रक्तस्राव वेळेवर सापडला नाही तर आई जाते, आणि आईबरोबर बाळही. जखमी गर्भवतीच्या बाबतीत जगभरातील वैद्यक एका वाक्यावर ठाम आहे: बाळाला वाचविण्याचा पहिला मार्ग म्हणजे आईला वाचविणे.

आता किरणांचा रकाना पाहू. क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म रॉन्टगेन यांनी १८९५ साली लावला. त्यानंतरच्या शतकात या किरणांची मात्रा मोजण्याचे शास्त्र पक्के झाले. शरीराने शोषलेली मात्रा ‘मिलिग्रे’ या मापात सांगतात. कोणताही एक्स-रे न काढता, केवळ माती, हवा, अन्न आणि आकाश यांतून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गापोटी गर्भाला नऊ महिन्यांत अर्धा ते एक मिलिग्रे मात्रा मिळतेच. याच्याशी तुलना केली तर आईच्या छातीच्या एक्स-रेतून गर्भापर्यंत पोहोचते ती मात्रा ०.०१ मिलिग्रेहूनही कमी असते. हाताच्या वा पायाच्या एक्स-रेत ती त्याहूनही नगण्य असते. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये किरण डोक्यावर पडतात, गर्भावर नव्हे. तेथेही मात्रा ०.०१ मिलिग्रेच्या आत राहते. ओटीपोटाच्या हाडांचा साधा एक्स-रे सुमारे १ मिलिग्रेचा, पोटाचा सुमारे दीडचा. खरा मोठा आकडा येतो तो पोट आणि ओटीपोटाच्या सीटी स्कॅनमध्ये. आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाने २००० साली दिलेल्या तक्त्यात पोटाच्या सीटीसाठी सरासरी ८ आणि ओटीपोटाच्या सीटीसाठी सरासरी २५ मिलिग्रे असे आकडे आहेत.

याच आयोगाच्या मते १०० मिलिग्रेच्या खालील मात्रेसाठी गर्भपात करणे समर्थनीय नाही. गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका १०० ते २०० मिलिग्रेच्या पुढे सुरू होतो. मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने ८ ते १५ आठवड्यांचा काळ सर्वांत नाजूक असतो. हे ज्ञान मोठी किंमत मोजून मिळाले आहे: १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकीवर बाँब पडले तेव्हा जी बालके आईच्या पोटात होती, त्यांच्या पुढील आयुष्याच्या पाहणीतून. एका सीटी स्कॅनची मात्रा त्या उंबरठ्याच्या बरीच आत राहते.

धोका शून्य आहे, असे मात्र कोणी प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनी गर्भारपणात झालेले एक्स-रे आणि मुलांमधील कर्करोग यांचा संबंध दाखविला, आणि तेव्हापासून गर्भवतींचे एक्स-रे सरसकट काढण्याची पद्धत मागे पडली. आयोगाच्या हिशेबानुसार कोणताही एक्स-रे न झालेल्या १,००० मुलांपैकी सुमारे ३ मुलांना बालपणी कर्करोग होतो. गर्भात ५० मिलिग्रे मात्रा मिळाल्यास हा आकडा ६ पर्यंत जातो. जन्मजात व्यंग तर किरणांशिवायही १०० पैकी सुमारे ३ बालकांत आढळते. वाढ खरी आहे, पण ती हजारात दोन-तीनची आहे. समोर आतून रक्तस्राव होणारी आई असताना ही रक्कम कोणत्या पारड्यात टाकायची, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

याहून अवघड प्रसंग पुढे येतो. अपघाताच्या वेळी दिवस गेल्याचे स्त्रीला माहीतच नसते. कंबरेचा एक्स-रे होतो, तीन आठवड्यांनी तपासणीत गर्भ असल्याचे कळते आणि घरात कुजबुज सुरू होते: ‘किरण लागले, मूल सदोष होईल, आताच मोकळे झालेले बरे.’ ज्या घराने अहिंसेपोटी एक्स-रे टाळला असता, तेच घर भीतीपोटी गर्भहत्येच्या दारात येऊन उभे राहते. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. त्यानंतर शेकडो मैल दूर असलेल्या ग्रीसमध्ये नेमके हेच घडले. तेथे पोहोचलेली मात्रा अतिशय कमी होती. पण अफवा मोठ्या होत्या, आणि डॉक्टरांनाही नीट सांगता आले नाही. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या देशातील सुरुवातीच्या काळातील गर्भांपैकी सुमारे २३ टक्के गर्भ पाडले गेले असावेत. किरणांनी नव्हे, भीतीने गेलेले हे जीव होत.

आपल्याकडे याच्या उलट पुरावा केरळच्या किनाऱ्यावर आहे. तेथील मोनाझाइट वाळूमुळे काही वस्त्यांत नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांहून अनेक पटींनी अधिक आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९५ पासून तेथील रुग्णालयांत जन्मलेल्या एक लाखाहून अधिक बालकांची तपासणी केली. जास्त किरणोत्सर्गाच्या वस्त्यांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढलेले आढळले नाही.

एक्स-रे खोलीच्या दारावर ‘गर्भवती असल्यास आधी सांगा’ अशी पाटी असते. पाटी सांगायला सांगते, नाकारायला नव्हे. सांगितल्याने तंत्रज्ञ किरणांचे क्षेत्र आवश्यक तेवढ्याच भागापुरते ठेवतो, मात्रा कमी करतो, एकच फिल्म पुन्हा घेण्याची वेळ येऊ देत नाही. पोटावर शिशाचे कापड टाका असा आग्रह अनेक घरे धरतात. परंतु गर्भापर्यंत जे किरण पोहोचतात ते बहुतांशी आईच्या शरीरातूनच विखुरलेले असतात, आणि बाहेरचे कापड ते अडवू शकत नाही. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्येच असे कापड नेहमी वापरण्याची पद्धत सोडावी असे सुचविले. मनाच्या समाधानासाठी ते टाकले तर हरकत नसते. मात्र चुकून चित्राच्या आड आले तर एक्स-रे पुन्हा काढावा लागतो.

सोनोग्राफी आणि एमआरआय यांत असे किरण नसतात. म्हणून पोटात रक्त साठले आहे का आणि बाळाचे ठोके आहेत का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी पहिली. पण तिच्यावर सर्व भार टाकता येत नाही. अपघातानंतरचा मोठा धोका म्हणजे वार गर्भाशयापासून अकाली सुटणे, आणि सोनोग्राफीत तो अनेकदा दिसत नाही. यासाठी २० आठवड्यांच्या पुढील प्रत्येक जखमी गर्भवतीला, वरवर खरचटलेले असले तरी, किमान चार तास बाळाच्या ठोक्यांच्या निरीक्षणाखाली ठेवावे लागते. ‘काही झाले नाही, घरी नेतो’ ही घाई येथेच नडते. पोट दगडासारखे घट्ट होणे, रक्त वा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे ही लक्षणे पुढील दिवसांतही पाहावयाची असतात. श्वेतांबर घरांत पर्युषणात कल्पसूत्राच्या वाचनात गर्भस्थ वर्धमानाचा प्रसंग येतो: आईला त्रास होऊ नये म्हणून त्याने हालचाल थांबविली आणि त्रिशलामाता व्याकूळ झाली. हालचाल थांबली की आईचे मन जे सांगते ते आजच्या डॉक्टरांनीही गांभीर्यानेच घ्यावयाचे असते.

अकोटचा प्रश्न अंतराचाही आहे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. गंभीर जखमीला मात्र अकोल्याला न्यावे लागते, आणि तो रस्ता सुमारे ४५ किलोमीटरचा. २०२२ च्या ऑक्टोबरात गांधीग्रामचा पूर्णा नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहतुकीस बंद झाला, तेव्हा हे अंतर म्हणजे काय असते ते तालुक्याने अनुभवले. अकोल्यात प्रसूती म्हटली की लोकांचे पाय जिल्हा स्त्री रुग्णालयाकडे, म्हणजे जुन्या लेडी हार्डिंगकडे वळतात. अपघात म्हटला की सर्वोपचारकडे. गर्भवती जखमी असेल तर आधी अपघात विभाग गाठावा, प्रसूतितज्ज्ञांना तेथे बोलवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. वाटेत तिला उताणी झोपवू नये. पाच महिन्यांच्या पुढे गर्भाशयाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दाबली जाते, म्हणून मणक्याची काळजी घेत तिला डाव्या कुशीकडे किंचित कलते ठेवतात. पोलिसांच्या कागदांसाठी उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे.

कागदांबाबत दोन गोष्टी. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘एफ’ नमुना भरावा लागतो, म्हणून तिचे ओळखपत्र सोबत असलेले बरे. आणि रक्तगट. आईचा गट आरएच निगेटिव्ह असेल, तर पोटाला मार लागल्यावर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. अन्यथा पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो. ओळखपत्राची प्रत, रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख आणि डॉक्टरांचा फोन क्रमांक, एवढे एका चिठ्ठीवर लिहून ती पर्समध्ये ठेवली तर अपघात विभागातील पहिली दहा मिनिटे वाचतात. तालुक्याच्या ठिकाणी काढलेल्या फिल्म आणि सीडीही अकोल्याला जाताना बरोबर न्याव्यात, म्हणजे तोच एक्स-रे तेथे दुसऱ्यांदा काढावा लागत नाही.