चामडे अस्सल की कृत्रिम? ग्राहकासाठी ओळखीच्या कसोट्या : कोल्हापुरी चपलेच्या विशेष संदर्भात

सारांश : चामड्याच्या वस्तू खरेदी करताना अस्सल व कृत्रिम चामडे यांतील भेद ओळखणे सामान्य ग्राहकास दिवसेंदिवस कठीण होत आहे. प्रस्तुत लेखात चामड्याची रचना, त्याच्या अनुकरणाचे प्रकार, दुकानात करता येण्याजोग्या कसोट्या व त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. कोणतीही एक कसोटी स्वतंत्रपणे निर्णायक नसून अनेक खुणांचा मेळ आणि विक्रेत्याचे लेखी विधान हाच ग्राहकाचा खरा आधार होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : चामडे, रेक्झिन, कोल्हापुरी चप्पल, भौगोलिक निर्देशांक, ग्राहक संरक्षण.

प्रस्तावना

पनवेल हे कोकणाचे प्रवेशद्वार म्हणून ओळखले जाते. राष्ट्रीय महामार्ग ६६ येथूनच दक्षिणेकडे निघतो. मुंबई-पुणे मार्ग व हार्बर रेल्वे यांमुळे हे शहर दोन्ही महानगरांच्या बाजारपेठांशी जोडलेले आहे. साहजिकच येथील ग्राहकासमोर कोल्हापूरच्या चपला, धारावीतील पाकिटे व पट्टे, आग्रा-कानपूरकडील बूट आणि ऑनलाइन मागविलेल्या बॅगा असा नाना ठिकाणचा माल येतो. हा माल तयार होताना ग्राहकाने पाहिलेला नसतो. "हे खरे लेदर आहे ना?" या प्रश्नाला "शंभर टक्के" असे तोंडी उत्तर मिळते आणि व्यवहार पूर्ण होतो.

हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या पैशांचा नाही. कृत्रिम माल अस्सल म्हणून विकला गेला की हाताने चप्पल घडविणाऱ्या कारागिराला त्या स्वस्त मालाच्या दराशी स्पर्धा करावी लागते. दुसरीकडे, धार्मिक श्रद्धेमुळे अथवा अहिंसेच्या भूमिकेतून चामडे न वापरणाऱ्या व्यक्तीलाही वस्तू नेमकी कशाची आहे हे कळण्याचा तितकाच अधिकार आहे. कृत्रिम चामडे ही वस्तू म्हणून निंद्य नाही. तिच्यावर खोटे नाव लावणे निंद्य आहे.

चामड्याची रचना

जनावराचे कातडे हे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते. वरच्या, म्हणजे केसांच्या बाजूस हे तंतू सूक्ष्म व दाट असतात. खाली मांसाच्या बाजूकडे ते जाड व सैल होत जातात. केस काढल्यानंतर त्यांच्या मुळांची छिद्रे पृष्ठभागावर राहतात. कच्चे कातडे ओलसर राहिल्यास कुजते आणि वाळल्यास कडक होते. ते कमावले म्हणजे टॅनिन वा क्रोमियमची संयुगे तंतूंशी बांधली जातात आणि टिकाऊ चामडे तयार होते.

कोल्हापुरी चपलेसाठी वनस्पतिजन्य कमावणीची पद्धत परंपरेने वापरली जाते. चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवून टांगतात आणि त्यात बाभळीची साल व हिरडा यांचे द्रावण भरतात. द्रावण हळूहळू झिरपते आणि चामड्याला तपकिरी-पिवळसर रंग येतो. हा रंग वरून लावलेला नसून जाडीभर मुरलेला असतो. ही बाब ओळखीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अस्सल व नकली यांच्यामधील प्रकार

बाजारातील मालाची 'खरा' आणि 'खोटा' अशी सरळ विभागणी होत नाही. मूळ पृष्ठभाग कायम ठेवलेले चामडे 'फुल ग्रेन' म्हणून ओळखले जाते. डाग-ओरखडे घासून काढून त्यावर रंगाचा थर व कृत्रिम दाणा उठविला की ते 'करेक्टेड ग्रेन' होते. जाड कातडे आडवे चिरून वरचा थर वेगळा केल्यावर उरलेल्या खालच्या भागास 'स्प्लिट' म्हणतात. त्यावर पॉलियुरेथेनचा थर चढवून तोही चामडे म्हणूनच विकला जातो. 'जेन्युइन लेदर' ही अक्षरे त्यामुळे उच्च दर्जाची हमी देत नाहीत. वस्तूत चामडे आहे एवढाच दावा ती करतात. 'बॉन्डेड लेदर' मध्ये चामड्याचा चुरा चिकटद्रव्याने एकत्र करून त्याचे तक्ते बनविलेले असतात.

युरोपीय मानक ईएन १५९८७ नुसार पृष्ठभागावरील लेपाची जाडी ०.१५ मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास त्या वस्तूस केवळ 'चामडे' असे म्हणता येत नाही. तिला 'लेपित चामडे' म्हणावे लागते. डोळ्यांना न दिसणाऱ्या थरावर नाव अवलंबून असू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

संपूर्ण कृत्रिम प्रकारांत पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन यांचा लेप दिलेले कापड येते. आपल्याकडे त्यास सरसकट 'रेक्झिन' म्हणतात. हे मुळात ब्रिटनमधील एका लेपित कापडाचे व्यापारी नाव असून त्याचा लेप सेल्युलोज नायट्रेटचा असे. अलीकडे 'व्हेगन लेदर' या नावाने विकला जाणारा बराचसा मालही पॉलियुरेथेनचाच असतो. अतिसूक्ष्म कृत्रिम धाग्यांपासून बनविलेले 'मायक्रोफायबर' हा ओळखण्यास सर्वांत अवघड प्रकार होय.

दुकानात करावयाच्या कसोट्या

१. कापलेली कडा : ही सर्वांत उपयुक्त खूण होय. अस्सल चामड्याच्या कडेवर तंतूंची गुंफण दिसते आणि ती वरून खाली सैल होत जाते. लेपित कापडाच्या कडेवर प्लॅस्टिकची पट्टी व तिच्याखाली कापड असे दोन स्पष्ट थर दिसतात. मात्र कडा दुमडून शिवलेली किंवा रंगविलेली असल्यास ही खूण झाकली जाते. अशा वेळी पट्ट्याची भोके, चपलेच्या पट्ट्यांची टोके किंवा बॅगेच्या आतील शिवणीजवळची जागा पाहावी.

२. आतील बाजू : चामड्याची मांसाकडील बाजू खरखरीत व लवदार असते; रेक्झिनच्या मागे कापडाची वीण दिसते. मायक्रोफायबरची मागील बाजू मात्र चामड्यासारखीच लवदार असते. तिच्यातील धाग्यांची एकसारखी जाडी जवळून पाहिल्यासच जाणवते.

३. पृष्ठभागावरील दाणा : नैसर्गिक छिद्रे अनियमित असतात, त्यांची दाटी जागोजागी बदलते. साच्याने उठविलेला दाणा ठराविक अंतराने पुन्हा येतो. एकाच वस्तूच्या दोन दूरच्या भागांवर हुबेहूब तीच नक्षी आढळल्यास तो साच्याचा परिणाम समजावा. परंतु करेक्टेड ग्रेन चामड्यावरही साचा वापरलेला असल्याने केवळ यावरून वस्तू कृत्रिम ठरविता येत नाही.

४. दाब व घडी : बोटाने दाबल्यास अस्सल चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात आणि घडीजवळ रंगाची छटा किंचित बदलते. प्लॅस्टिकचा लेप एकसंध खळग्यासारखा दबतो. जाड लेपाच्या चामड्यावर हा फरक पुसट होतो.

५. पाण्याचा थेंब : वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या, लेप नसलेल्या चामड्यात थेंब काही वेळात मुरतो व तेथे गडद डाग दिसतो. प्लॅस्टिकवर तो तसाच राहतो. पॉलिश केलेले अस्सल चामडेही पाणी रोखते. त्यामुळे थेंब मुरला तर तो चामड्याच्या बाजूने पुरावा ठरतो, न मुरल्यास काहीच सिद्ध होत नाही. डाग पडू शकत असल्याने विक्रेत्याच्या संमतीनेच आणि आतल्या बाजूस ही कसोटी करावी.

६. वास : वास हा सर्वांत दुबळा पुरावा होय. चामड्याचा सुगंध कृत्रिम मालास देता येतो आणि एकाच दुकानात ठेवलेल्या वस्तूंना एकमेकींचा वास लागतो.

७. जाळून पाहणे : चामडे जळताना केस जळल्यासारखा वास येतो, कारण दोन्ही प्रथिनेच आहेत. पीव्हीसी वितळते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. ही चाचणी दुकानात किंवा घरी करू नये. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत, धूरकपाटात आणि केवळ निरुपयोगी तुकड्यावर ती विद्यार्थ्यांना दाखविता येईल. निर्णायक अभिप्राय हवा असल्यास तंतूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. १९४८ मध्ये स्थापन झालेली चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था या क्षेत्रातील देशातील प्रमुख संस्था आहे.

८. बुटावरील चिन्हे : युरोपातील १९९४ च्या निर्देशानुसार पादत्राणांवर चित्रचिन्हे छापली जातात. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, त्याच आकृतीत छोटा चौकट म्हणजे लेपित चामडे, जाळीचे चिन्ह म्हणजे कापड, आणि नुसता चौकट म्हणजे अन्य पदार्थ. बुटाचा वरचा भाग, अस्तर व तळ यांसाठी ही चिन्हे वेगवेगळी असतात. वरचा भाग चामड्याचा व अस्तर कृत्रिम अशी स्थिती असल्यास ती या चिन्हांवरून कळते. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक नाममुद्रांच्या बुटांवर ती आढळतात. परंतु फारच थोडे ग्राहक ती वाचतात.

कोकणातील हवामान आणि टिकाऊपणा

पनवेलच्या ग्राहकाने आणखी एक बाब लक्षात घ्यावी. पॉलियुरेथेनच्या अनेक प्रकारांतील रासायनिक बंध हवेतील बाष्पामुळे तुटतात. त्यामुळे कपाटात न वापरता ठेवलेली बॅगही काही पावसाळ्यांनंतर पापुद्रे सुटून निकामी होते. पीव्हीसीतील मऊपणा आणणारे द्रव्य कालांतराने निघून गेल्याने ते कडक होऊन तडकते. अस्सल चामड्याचे असे पापुद्रे निघत नाहीत. मात्र त्यावर बुरशी येते, आणि वनस्पतिजन्य कमावणीचे चामडे भिजल्यास आकार सोडते. म्हणून कोल्हापुरी चप्पल पावसाळ्यात वापरू नये. भिजल्यास ती सावलीत वाळवावी. भर पावसात वापरावयाच्या पादत्राणासाठी प्रामाणिकपणे 'कृत्रिम' म्हणून विकलेला माल अधिक सोयीचा ठरू शकतो.

कोल्हापुरी चप्पल : दोन स्वतंत्र प्रश्न

कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत 'चामडे अस्सल आहे काय?' आणि 'चप्पल कोल्हापुरी आहे काय?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. यंत्रावर कापलेली, अन्य प्रांतात क्रोम चामड्यापासून बनविलेली चप्पल चामड्याची असूनही कोल्हापुरी नसते.

२०१९ मध्ये या चपलेस मिळालेला भौगोलिक निर्देशांक महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांचा संयुक्त आहे. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश होतो. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी वा अथणी येथे घडलेली चप्पल म्हणूनच तितकीच अस्सल कोल्हापुरी होय.

परंपरेनुसार कातडी कमावण्याचे काम ढोर समाजाने आणि चपला घडविण्याचे काम चर्मकार समाजाने केले. वेणी विणण्यासारख्या नाजूक कामात स्त्रियांचा मोठा वाटा राहिला. या कामास समाजाने दीर्घकाळ प्रतिष्ठा नाकारली, हेही नमूद करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये प्राणी रक्षण कायद्यातील दुरुस्तीने बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतर स्थानिक कातड्याची उपलब्धता घटली. कच्चा माल महाग आणि नकली माल स्वस्त, अशा कात्रीत कारागीर सापडला आहे.

जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडाच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी पादत्राणे मूळ परंपरेचा उल्लेख न करता सादर झाली, तेव्हा मोठा वाद झाला. पुढे कंपनीने प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. परदेशातील अनुकरणाविषयी व्यक्त झालेला संताप रास्त होता. तथापि आपल्याच बाजारात रेक्झिनची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकली जाते, तेव्हा त्याची क्वचितच दखल घेतली जाते.

खरेदीच्या वेळी तळव्याची कडा पाहावी. थरांचा रंग जाडीभर सारखा असावा. पारंपरिक चपलेचे थर चामड्याच्या वादीने शिवलेले असतात, खिळ्यांनी ठोकलेले नसतात. चपलेवर क्यूआर संकेत असल्यास तो मोबाइलवर तपासावा. असे संकेत असलेली लेबले महाराष्ट्रातील संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने सुरू केली असून त्यावरून कारागीर वा उत्पादन केंद्र, कच्चा माल व निर्देशांकाची वैधता यांची माहिती मिळते.

कायद्याचा आधार

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) नुसार वस्तूचा दर्जा वा घटक यांविषयी खोटे विधान करणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. बिल न देणे हीदेखील त्याच व्याख्येत येते. म्हणून बिलावर 'चप्पल, एक जोड' एवढेच न लिहिता 'अस्सल चामड्याची कोल्हापुरी चप्पल' असे लिहून घ्यावे. जो विक्रेता तोंडी शंभर टक्के हमी देतो परंतु ती लिहून देण्यास नकार देतो, त्याच्या नकारातच बरेचसे उत्तर असते. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे. या कायद्यानुसार तक्रारदारास आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. त्यामुळे ऑनलाइन खरेदीबाबत विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. पनवेलच्या रहिवाशासाठी हा आयोग अलिबाग येथे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रार शुल्क नाही.

निष्कर्ष

१. दुकानातील कसोट्यांपैकी कापलेली कडा व आतील बाजू या सर्वाधिक विश्वसनीय, तर वास व दिसणे या सर्वांत कमी विश्वसनीय आहेत.

२. किमान तीन स्वतंत्र खुणा एकाच दिशेने निर्देश करीत असतील, तरच अनुमान काढावे.

३. लेपित चामडे, बॉन्डेड लेदर व मायक्रोफायबर यांच्यापुढे नजर व स्पर्श अपुरे पडतात. तेथे चिन्ह, लेबल व बिल यांनाच महत्त्व येते.

४. 'अस्सल चामडे' व 'अस्सल कोल्हापुरी' यांची पडताळणी स्वतंत्रपणे करावी.

हा विषय रसायनशास्त्र, वाणिज्य, समाजशास्त्र व विधी या सर्व शाखांना स्पर्श करतो. २४ डिसेंबर रोजी साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या निमित्ताने महाविद्यालयांतून चामड्याच्या व कृत्रिम मालाच्या तुकड्यांचे नमुने मांडून प्रात्यक्षिक घेतल्यास विद्यार्थ्यांना खरेदीपूर्वी पारखण्याची आणि बिल मागण्याची सवय लागेल. अशा पारखी ग्राहकांची संख्या वाढली, तर हाताने चप्पल घडविणाऱ्या कारागिरास त्याच्या श्रमाचे योग्य मोल मिळण्याची शक्यता वाढेल.