विश्लेषण : ब्लॉग नव्या जागी गेला, मग जुन्या प्रतीचे काय करायचे?

ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमसारख्या मोफत सेवेवर सुरू केलेला ब्लॉग पुढे स्वतःच्या डोमेनवर, पैसे भरून घेतलेल्या होस्टिंगवर नेणारे अनेक जण आहेत. लेखन नव्या जागी पोहोचते, पण जुना ब्लॉगही तसाच सुरू राहतो. एकच लेख दोन पत्त्यांवर दिसतो आणि गुगलवर शोधल्यास अनेकदा जुनाच वर येतो. अशा वेळी पहिला विचार येतो तो जुना ब्लॉग ‘डिलीट’ करण्याचा. मात्र हे काम सर्वांत शेवटी करायचे असते. घाई केल्यास छायाचित्रे, वाचक आणि शोधनिकालांतील स्थान हे सारेच गमावण्याचा धोका असतो. तो कसा आणि जुनी प्रत हटवण्याचा योग्य क्रम कोणता, याविषयी...

दोन प्रती असल्याने नुकसान काय?

मजकूर दोन ठिकाणी असला की गुगल ‘दंड’ करते, असा समज आहे. आपल्याच लेखाच्या दोन प्रती असल्या म्हणून अशी शिक्षा होत नाही. गुगल सारख्या मजकुराची पाने एका गटात टाकते, त्यांतील एक पान मूळ मानते आणि निकालांत सहसा तेच दाखवते. अडचण अशी, की इतर संकेतस्थळांवरील दुवे वर्षानुवर्षे जुन्या पत्त्याकडे आलेले असतात. त्यामुळे तीच प्रत मूळ ठरण्याची शक्यता वाढते. लेखक नव्या पानावर दुरुस्ती करतो आणि वाचक मात्र जुन्या पानावरील चुकीची माहिती वाचत राहतो.

मग लगेच का हटवू नये?

पहिले कारण छायाचित्रांचे. ब्लॉगर वा वर्डप्रेसमधून लेखांची जी एक्सएमएल फाइल मिळते, तिच्यात लेखांचा मजकूर असतो, पण छायाचित्रे नसतात. छायाचित्राचा फक्त जुना पत्ता असतो. वर्डप्रेसमध्ये आयात करताना जोडलेल्या फाइल उतरवून घेण्याचा पर्याय निवडला, तर छायाचित्रे जुन्या जागेवरूनच आणली जातात. जुनी जागा आधीच पुसली असेल, तर आणणार कुठून? काही वेळा छायाचित्रे नव्या पानावर व्यवस्थित दिसतात, पण प्रत्यक्षात ती जुन्या सर्व्हरवरूनच येत असतात. छायाचित्रावर राइट क्लिक करून त्याचा पत्ता नव्या टॅबमध्ये उघडला, की हे लगेच कळते.

दुसरे कारण दुव्यांचे. आपण आपल्याच जुन्या लेखांचे दुवे नव्या लेखांत दिलेले असतात. स्थलांतरानंतरही ते जुन्या पत्त्याकडेच जातात. शिवाय विकिपीडियावरील संदर्भ, इतरांचे लेख, व्हॉट्सॲपवर पुढे गेलेले दुवे हे सारे जुन्याच पत्त्याचे असतात आणि ते आपल्याला बदलता येत नाहीत. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४च्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यात आपल्या पानांची भर पडू द्यायची नसेल, तर जुना पत्ता नव्याकडे वळवावा लागतो.

पत्ता वळवायचा कसा?

जुने पान कायमचे हलले आहे, हे ब्राउजर आणि शोधयंत्राला सांगण्यासाठी ३०१ हा संकेत असतो. ३०२ हा संकेत तात्पुरत्या बदलासाठी आहे. वर्डप्रेस डॉट कॉमवर वार्षिक शुल्क भरून संपूर्ण ब्लॉग नव्या डोमेनकडे वळवता येतो. ब्लॉगरवरून दुसऱ्या सेवेवर गेल्यास ३०१ देण्याची सोय नाही. तिथे थीममध्ये बदल करून वाचकाला तात्काळ नव्या पानावर नेता येते. शून्य सेकंदांचा ‘मेटा रिफ्रेश’ गुगल कायमचा बदल मानते. थीमला हात लावायचा नसेल, तर प्रत्येक जुन्या लेखात शीर्षक आणि दोन ओळी ठेवून नव्या लेखाचा दुवा द्यावा. काम वेळखाऊ आहे, पण कोणालाही जमण्यासारखे आहे.

मराठी ब्लॉगची वेगळी अडचण कोणती?

पूर्ण मराठी शीर्षकातील अक्षरे ब्लॉगर पानाच्या पत्त्यात घेत नाही. त्यामुळे वर्ष आणि महिन्यानंतर ‘ब्लॉग-पोस्ट_१२’ अशा धर्तीचा पत्ता तयार होतो. वर्डप्रेस देवनागरी स्वीकारते, पण पत्त्याच्या या भागासाठी तिथे २०० वर्णांची मर्यादा आहे. संगणकासाठी रूपांतर होताना देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह नऊ वर्ण व्यापते. काना, मात्रा आणि वेलांटीही वेगळी मोजली जाते. परिणामी साधारण २२ चिन्हांनंतर शीर्षक तुटते. जुन्या आणि नव्या पत्त्यात साम्य उरत नसल्याने आपोआप जुळणी होत नाही. एक्सेलमध्ये तीन रकाने करावेत : लेखाचे शीर्षक, जुना पत्ता, नवा पत्ता. लेख खूप असतील, तर सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्यांपासून सुरुवात करावी.

कोणत्या चुका टाळाव्यात?

सर्व जुनी पाने नव्या मुखपृष्ठाकडे वळवणे, ही पहिली चूक. वाचकाला हवा तो लेख मिळत नाही आणि गुगलही असे पान ‘सापडले नाही’ याच वर्गात टाकू शकते. दुसरी चूक म्हणजे ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’मध्ये जुन्या ब्लॉगवर बंदी घालणे. बंदीमुळे गुगलला पान वाचताच येत नाही, त्यामुळे ते हलल्याची सूचनाही कळत नाही आणि पत्ता निकालांत राहू शकतो. तिसरी चूक सर्च कन्सोलमधील ‘रिमूव्हल्स’वर विसंबण्याची. त्यातून पान सुमारे सहा महिनेच लपते.

फक्त होस्टिंग बदलले, डोमेन तेच असेल तर?

इथे पत्ते बदलत नाहीत, त्यामुळे वळवण्याची गरज नसते. पण डीएनएसमधील बदल सगळीकडे पोहोचायला एक-दोन दिवस लागू शकतात. तोवर काही वाचक जुन्याच सर्व्हरवर जातात, म्हणून तो सुरू ठेवावा. आपल्या डोमेनचा ईमेल जुन्या होस्टिंगवर असेल, तर खाते बंद करताच पत्रपेटीही जाते. ईमेल आधी हलवावा. मात्र खात्री झाल्यावर ही प्रत पडून ठेवू नये. ‘ओल्ड’ नावाच्या फोल्डरमधील, अपडेट न झालेली वर्डप्रेसची प्रत हॅकरसाठी सोपा शिकार असते.

जुना ब्लॉग कधी हटवावा?

पत्ते किमान वर्षभर, शक्य तितके अधिक काळ वळवलेले ठेवावेत, असे गुगलचे मार्गदर्शन आहे. वर्षभरानंतर गुगलमध्ये ‘साइट’ हा शब्द, विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि जुना पत्ता टाइप करून किती पाने उरली ते पाहावे. एक्सएमएल फाइल आणि छायाचित्रांची प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवावी. महत्त्वाचे लेख इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करावेत. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केल्यावर तिथली अनेक पाने अशाच संग्रहांमुळे वाचली.

मोफत उपपत्ता सांभाळायला खर्च नसतो, त्यामुळे तो पाटीपुरता सुरू ठेवणेही चालते. जुना पत्ता हे स्वतःचे विकत घेतलेले डोमेन असेल, तर मात्र नूतनीकरण थांबवण्यापूर्वी विचार करावा. मुदत संपलेले डोमेन कोणीही घेऊ शकतो आणि मग आपल्या लेखांच्या जुन्या दुव्यांवर जुगाराची किंवा फसवणुकीची जाहिरात दिसू शकते. अशा डोमेनचा वर्षाचा खर्च स्थलांतराच्या खर्चातच धरावा.